लोहाराची जागा

खापरला बाजाराच्या कडेला लोहाराची जुनी जागा होती. छप्पर बसलं, कुडाच्या भिंती पावसात विरल्या, आता चौथरा तेवढा उरला आहे. ती लोहारशाळा होती तशी पुन्हा बांधावी आणि गावाचा वारसा म्हणून जपावी, असं काही तरुणांनी सुचवलं तेव्हा मी विरोध केला. चार लोकांत उघड बोललो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे लोखंडाची गोष्ट निघाली की गावात माझ्या शब्दाला वजन असतं. विषय तिथेच थांबला. आता माझं मत बदललं आहे. विरोध उघड केला होता, म्हणून बदललेलं मतही उघडच मांडतो.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं बाजाराचं गाव. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता गावावरून जातो. थोडं पुढे गेलं की गुजरातची हद्द. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या दर्शनाला निघालेली माणसं याच रस्त्याने जातात. डोंगरातून बाजाराला उतरलेला माणूस मीठ, तेल, कापड घेई आणि परतण्याआधी लोहाराकडे थांबे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला नांगराचे फाळ, वखराच्या पासा, कुदळी यायच्या. दिवाळीच्या आधी विळे पाजवायला यायचे. कुऱ्हाड आणि बांबू तोडायचा धाऱ्या बारमाही. तीरकामठ्याच्या तिरांची लोखंडी टोकंही तिथेच घडायची. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा गोल जाळ पेटायचा आणि आम्ही पोरं लांब उभं राहून बघायचो.

तरीही मी विरोध केला, आणि माझी कारणं लेचीपेची नव्हती. पहिलं कारण पैशाचं. गावाकडे खर्चायला पैसा थोडा. तो भिंतींवर घालायचा की माणसावर? लोहाराला चांगली ऐरण द्या, ब्लोअर द्या, कोळसा द्या, कर्ज द्या, म्हणजे कसब टिकेल, असं माझं म्हणणं होतं. पुढे १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षण, दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज. मला हवं होतं ते हेच, असं तेव्हा वाटलं. ती योजना योग्यच आहे, असं आजही म्हणतो.

दुसरं कारण असं की तिथे जपण्याजोगं काही जुनं नव्हतंच. चार-सहा सागाचे खांब, कुडाला मातीचा गिलावा, वर नळीची कौलं. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, कूड किडला की नवा घालायचा. स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याला वास्तू निदान १०० वर्षांची लागते. आमच्या लोहारशाळेत १०० वर्षांची वस्तू शोधायची झाली तर ऐरण सोडून काही सापडलं नसतं, आणि ऐरण तर लोहार सोबत घेऊन गेला होता. मग नव्या लाकडाची, नव्या मातीची जी उभी राहील तिला वारसा कसं म्हणायचं? ती नक्कल झाली.

तिसरं कारण पुतळ्यांचं. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात जुन्या गावगाड्याचे माणसाएवढे पुतळे आहेत, बारा बलुतेदार आहेत. फार मन लावून केलेलं काम आहे ते, आणि शहरात वाढलेल्या मुलाला ते दाखवायलाच हवं. पण तेवढे कसबी मूर्तिकार आणि तेवढी चिकाटी आमच्या गावात कुठून आणायची? आमच्याकडे प्लास्टरचा लोहार बसेल, भट्टीत लाल बल्ब लागेल, उद्घाटन होईल आणि पुढच्या पावसाळ्यात कुलूप लागेल, अशी मला धास्ती होती.

सगळ्यांत खोल कारण बलुत्याचं. खळ्यावर धान्य मापलं जायचं तेव्हा लोहार हात पसरून उभा असायचा. वर्षभर फाळ ठोकलेल्या माणसाला त्याचा वाटा दुसऱ्याच्या मर्जीने मिळायचा, आणि जन्म लोहाराचा म्हणून दुसरं काही करायची मुभा नव्हती. ज्यांना सेवा मिळाली त्यांना ते दिवस गोड आठवतात. ज्यांनी ती केली त्यांच्या मुलांनी कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. घिसाडी, म्हणजे भटके लोहार, तर गावोगाव फिरत राहिले, त्यांना बलुत्याचं धान्यही नाही आणि जागाही नाही. ज्या व्यवस्थेने माणसाला असं बांधून ठेवलं किंवा असं बाहेर ठेवलं, तिचं घर आपण सजवायचं का, हा माझा प्रश्न होता.

तरुणांनी मला फिनलंडमधल्या जुन्या लोहारशाळांची छायाचित्रं दाखवली होती. तिकडे शेतकऱ्याच्या वाड्यात स्वतःची लोहारशाळा असायची. राहत्या घरापासून जरा लांब, कारण सगळं बांधकाम लाकडाचं आणि लोहाराच्या ठिणगीचा भरवसा नाही. आडव्या ओंडक्यांच्या भिंती, मातीची जमीन, कोपऱ्यात दगडी भट्टी, इवलीशी खिडकी. त्या देशात तळ्यांच्या तळाशी लोखंडाची माती साचते; हिवाळ्यात गोठलेल्या बर्फाला भोक पाडून लांब दांड्याने ती वर काढत. ज्या फिस्कार्स कंपनीच्या नारिंगी मुठीच्या कात्र्या जगभर विकल्या जातात, तिचं मूळ १६४९ साली फिस्कार्स गावात उभ्या राहिलेल्या लोखंडाच्या कारखान्यात आहे. आज त्या गावात कारागीर आणि कलावंत राहून काम करतात. फिनलंडचं ‘कालेवाला’ हे महाकाव्य एलियास ल्योनरोट यांनी १८३५ मध्ये लोकगीतांवरून सिद्ध केलं, त्याच्या मुख्य नायकांपैकी एक लोहार आहे. एवढं सगळं ऐकून मी म्हणालो होतो, त्यांच्याकडे पैसा आहे, थंडी आहे, लाकूड आहे, आपल्याला ते काय शिकवणार?

मत बदललं ते धाऱ्यामुळे.

लोहारशाळा पडल्यावर म्हातारे लोहारदादा रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसायला लागले. शेड म्हणजे चार लोखंडी पाइप आणि वर पत्रा. भिंत एकही नाही. हवा खेळती, गिऱ्हाइकाला माल दिसतो, मोटारसायकल उभी करायला जागा. भाता जाऊन विजेचा ब्लोअर आला. माझ्या हिशेबाने सगळं आधीपेक्षा बरं झालं होतं. पण वरच्या पाड्यांवरून तक्रारी यायला लागल्या. धाऱ्याची धार झडते. बांबूच्या गाठीवर घाव बसला की पात्याचा तुकडा उडतो. मला वाटलं, वयामुळे हात गेला असेल. मग वाटलं, पोलादात खोट असेल. बरेच लोहार हल्ली ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात, त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, धाऱ्यासाठी तो उत्तम. पाटे बघितले, चांगले होते.

कारण दादांनीच सांगितलं. “सर, उन्हात रंग कळत नाही. आभाळ भरून आलं की माझा माल बरोबर उतरतो, ऊन पडलं की बिघडतो.” मी विचारलं, मग रात्री का नाही करत? म्हणाले, “रात्री घणाचा आवाज कोण ऐकून घेईल? चारी बाजूंनी घरं झाली.”

मी आयुष्यभर मुलांना शिकवलेली गोष्ट ते मला सांगत होते, आणि मी ती कधी जागेशी जोडून पाहिली नव्हती. लोखंड तापलं की रंग बदलतं. ६०० अंशांच्या वर काळपट तांबडं दिसू लागतं, ८०० च्या आसपास झगझगीत तांबडं, ९५० ला नारिंगी, ११०० ला पिवळं. पोलादाला पाणी द्यायचं ते साधारण ८०० अंशांना. त्याहून फार जास्त तापलं तर आतले कण मोठे होतात आणि पाणी दिल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. लोहाराकडे पायरोमीटर नसतो, त्याचा डोळा हाच पायरोमीटर. पण भर उन्हात ६५० अंशांचं लोखंड डोळ्याला काळंच दिसतं आणि ८०० चं जेमतेम लालसर. डोळ्याला ओळखीचा तांबडा दिसेपर्यंत तापवायचं म्हटलं तर पातं प्रत्यक्षात ९५० किंवा हजारावर गेलेलं असतं. दादांचा हात शाबूत होता, डोळाही शाबूत होता. अंधार गेला होता. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर रंगांचा तक्ता टांगलेला असायचा. ते रंग मंद उजेडातले असतात, हे मला माहीत होतं आणि मुलांना सांगतही होतो. लोहारशाळा अंधारी का असते, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नाही. गरिबीमुळे खिडक्या नसतील, एवढंच गृहीत धरलेलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. पाणी दिल्यावर पातं कडक होतं, पण नुसतं कडक पातं मोडतं. म्हणून त्याला जरा मऊ करावं लागतं. जुना लोहार पात्याची फक्त धार पाण्यात बुडवतो, मागची जाड कड गरमच ठेवतो. मग धार पटकन दगडावर घासून चकचकीत करतो आणि बघत बसतो. मागची ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग उमटत जातात. सुमारे २२५ अंशांना फिका पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. विळ्याला एक रंग लागतो, कुऱ्हाडीला दुसरा. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाणी, आणि रंग तिथेच थांबवायचा. काही सेकंदांचा खेळ असतो. पण हे रंग तापून लाल झालेल्या लोखंडासारखे स्वतः उजळत नाहीत. लोखंडावर धरलेल्या पातळ थराचे ते रंग असतात, ते दिसायला बाहेरचा उजेड लागतो, आणि तोही मंद, सारखा. थेट ऊन नको, अंधार तर नकोच.

म्हणजे लोहाराला एकाच छपराखाली दोन उजेड लागतात. भट्टीपाशी अंधार, पाण्याच्या कुंडीपाशी मऊ प्रकाश.

हे कळल्यावर मी चौथऱ्यावर गेलो. दादा आणि त्यांच्या घरच्या काकू सोबत होत्या. कुठे काय होतं ते दोघांनी उभं राहून दाखवलं. भट्टी दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्यात, दोन बंद भिंतींच्या बेचक्यात, तिथे दुपारीही ऊन पोचत नसे. दार उत्तरेला. दाराच्या आत हाताभर अंतरावर दगडी कुंडी, अजून तिथेच आहे, अर्धी गाळाने भरलेली. उत्तरेच्या दारातून दिवसभर सारखा उजेड येतो, थेट ऊन फारसं येत नाही. ऐरण दोघांच्या मधोमध, बसल्या जागेवरून वळलं की भट्टी आणि दुसरीकडे वळलं की कुंडी, कारण भट्टीतून निघालेलं लोखंड निवायला वेळ लावत नाही आणि तीन पावलं चालण्यातही ताव जातो. कौलांना भट्टीच्या वर एक फट ठेवलेली, धूर जायला. भिंती आतून काजळीने काळ्याकुट्ट, त्यामुळे उजेड परतून भट्टीवर पडत नसे. ही जागा कुणा इंजिनिअरने आखलेली नव्हती. पण आखून काढायची झाली तरी मला याहून चांगली काढता आली नसती.

फिनलंडची ती छायाचित्रं मी मागून घेतली आणि परत पाहिली. कोपऱ्यातली भट्टी, इवलीशी खिडकी, काळ्या भिंती. आपल्याकडे लोहार उकिडवा बसून काम करतो, तिकडे उभा राहून, म्हणून भट्टी आणि ऐरण उंच. बाकी अक्कल तीच. तिथले लोक त्या ओंडक्यांच्या झोपड्या का जपतात, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. थंडी आणि पैसा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. ती झोपडी स्वतःच एक अवजार आहे. हातोडा जपला आणि झोपडी मोडली तर अर्धं अवजार गेलं.

माझं पहिलं कारण इथे ढासळलं. माणूस जगवा, भिंत कशाला, असं मी म्हणत होतो. पण जागा काढून घेतल्यावर माणसाचं कसबही निम्मं होतं, हे धाऱ्याच्या उडालेल्या तुकड्यांनी दाखवून दिलं. १५,००० रुपयांत ब्लोअर येतो, हँडग्राइंडर येतो. अंधार येत नाही. त्या योजनेत लोहाराला जागा मिळत नाही, आणि रस्त्याकडेच्या उघड्या शेडमध्ये शिकलेला मुलगा चुकीचा रंग हाच बरोबर म्हणून शिकतो. दादांच्या डोळ्यांना जुना रंग आठवतो तरी. पुढच्या पिढीच्या डोळ्यांना तो कधी दिसलेलाच नसेल.

काकूंचं बोलणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दादा ऐरणीपाशी बसलेले असायचे, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात छोटा हातोडा, ठोका कुठे मारायचा ते त्या हातोड्याने दाखवायचे. घण काकू मारायच्या, उभ्या राहून. त्यांच्या घणाला वर जायला जागा हवी म्हणून ऐरणीच्या वरची मयाल मुद्दाम उंच होती. भाता त्यांच्या सासूबाई ओढायच्या, भिंतीला पाठ टेकून, आणि ती बसायची जागा जमिनीत किंचित खोलगट झाली होती. महाराष्ट्रभर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबांत आजही बाईच घण उचलताना दिसते. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटातलं ऐरणीचं गाणं मराठी माणसाला पाठ असतं, आणि त्या ऐरणीपाशीही जोडपं आहे. तरी लोहार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा पुरुष येतो. पुतळा केला असता तर तोच केला असता. जागा तंतोतंत उभी केली तर बाईची उभी राहायची जागा आणि म्हाताऱ्या बाईची बसायची जागा आपोआप दिसते, कारण छपराची उंची त्यांच्यासाठी ठरली होती.

नकलेचा मुद्दा राहिला. माझ्या मनात तो सगळ्यांत जास्त दिवस अडून होता. स्मारकं जपणाऱ्या तज्ज्ञांची १९६४ ची व्हेनिस सनद मूळ दगड, मूळ लाकूड जपण्यावर भर देते, आणि पुन्हा बांधण्याकडे संशयाने बघते. माझाही कल तोच. पण १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे तज्ज्ञ जमले आणि वास्तूचा खरेपणा केवळ साहित्यावर ठरत नाही, तर वापर, तंत्र, परंपरा, ठिकाण यांवरही ठरतो, असं त्यांनी मांडलं. जपानमधलं इसे इथलं मंदिर दर २० वर्षांनी नव्या लाकडात बांधतात, २०१३ मध्ये बांधलं. त्यामुळे सुतारांची प्रत्येक पिढी ते बांधायला शिकते. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या सेउरासारी बेटावर १९०९ पासून जुनी लाकडी घरं देशभरातून आणून उभी केली आहेत. ओंडके सुटे करायचे, आणायचे आणि त्याच क्रमाने रचायचे.

पण मला पटवायला जपान किंवा फिनलंड लागलं नसतं, जवळचंच उदाहरण पुरेसं होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं मणिबेली, आमच्याच तालुक्यातलं. तळोद्याच्या जंगलातली २,७०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली. तिथे आलेल्या अनेक कुटुंबांनी जुनं घर उतरवून सागाचे खांब, मयाली, दारं सोबत आणली आणि नव्या जागी घर उभं केलं. कूड नवा, माती नवी, कौलं निम्मी नवी. त्या घराला नक्कल म्हणायची कुणाची छाती होईल? सातपुड्यात घर हे नेहमीच असं उतरवून पुन्हा उभं करायचं असतं. खांब सरकतो, घर तेच राहतं. १०० वर्षांची अट दगडी किल्ल्यांसाठी ठीक आहे. आमच्या भागातल्या लाकूड-मातीच्या बांधकामाला ती लावली तर आमचा काही वारसाच नाही असं म्हणावं लागेल, आणि मी न बोलता तेच म्हणत होतो.

महाराष्ट्राच्या मातीत लोखंडाचा इतिहास फार जुना आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला १९७८ ते ८० च्या उत्खननात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. मध्य भारतातल्या अगरिया लोकांवर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. दिल्लीचा लोहस्तंभ तर शाळेच्या पुस्तकात असतो. पण खानदेशातल्या एखाद्या बाजारगावची लोहारशाळा आतून कशी होती, तिचा साधा नकाशा माझ्या पाहण्यात आलेला नाही. नैकुंडची भट्टी जमिनीखाली होती म्हणून टिकली. आमची जमिनीवर होती म्हणून जातेय.

विरोधातली माझी एक गोष्ट मी सोडलेली नाही. बलुतं परत येऊ नये. म्हणून माझ्या मते लोहारशाळा गावाच्या मालकीची असावी, तिथे काम करणाऱ्याला मजुरी रोख मिळावी, आणि ज्याला शिकायचं आहे त्याला शिकता यावं, मग तो वसावे असो, पाडवी असो, घिसाड्याचा मुलगा असो किंवा मुलगी असो. लोहाराच्या पोटी जन्मल्याची अट नको. पाहुणे आले म्हणून दादांना बोलावून ठोके मारून दाखवायला लावणं, हेही नको. बाजाराच्या दिवशी भट्टी पेटावी, खऱ्या गिऱ्हाइकाचा खरा धाऱ्या तिथे घडावा, आणि बघायचं असेल त्याने दाराबाहेरून बघावं. उजेड अडवू नये.

बांधकाम सिमेंटचं नको. पांढऱ्या रंगाच्या, ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत रंग पुन्हा चुकतील. कूड, माती, सागाचे खांब, नळीची कौलं, उत्तरेला दार, वर धुराची फट. अंगण मोकळं सोडावं, कारण धाव बाहेरच चढते. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव ४०० अंश तापली की तिचा घेर साधारण २२ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्यात ती लाकडावर बसवायची आणि पाणी ओतायचं, मग ती आवळून आरे आणि तुंबा कायमचे जखडून टाकते. आता बैलगाड्या रबरी टायरांवर आल्या, धावेचं गिऱ्हाईक जवळजवळ संपलं. तरी वर्षातून एकदा एक चाक तिथे बांधून व्हावं, असं मला वाटतं. आयटीआयच्या मुलांना धातूचं प्रसरण शिकवायला त्याहून चांगला धडा नाही. कोळशाचा प्रश्न कठीण आहे. लाकडी कोळसा जंगलावर ताण आणतो, दगडी कोळशात गंधक असतं आणि ते पोलादाला बाधतं. त्यावर वाळलेल्या बांबूचा कोळसा करून बघावा, हे माझं मत. जाणकारांनी खोडून काढलं तर ऐकेन.

पैसा कुठून? अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. त्यातून काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. अवजार लोहाराचं असलं तरी ते हातात धरणारा डोंगरातला शेतकरी आहे, म्हणून मागणी त्याच्याकडून यायला हवी. ग्रामसभेने पाण्याची टाकी आधी म्हटलं तर टाकी आधी. पण “त्या पडक्या जागेत काय आहे” या कारणासाठी विषय बाजूला पडू नये. त्या कारणाला पूर्वी मीच जोर दिला होता, म्हणून ते खोडून काढायला मी येईन. दादांची नजर अजून चांगली आहे, काकूंना मयालीची उंची हाताने दाखवता येते. हे दोघं आहेत तोवर हे काम नेमकं होईल. नंतर जे बांधू ते अंदाजाने असेल.

हे वाचणाऱ्यांच्या गावात लोहाराची जुनी जागा उभी असेल, किंवा नुसता चौथरा उरला असेल, तर येत्या पावसाळ्याआधी टेप आणि वही घेऊन तिथे जा. तिथे काम केलेल्या माणसाला सोबत न्या, त्याच्या घरच्या बाईलाही न्या. भट्टी कोणत्या कोपऱ्यात होती, दार कोणत्या दिशेला, कुंडी दारापासून किती हातांवर, ऐरण जमिनीपासून किती उंच, घण मारणारी कुठे उभी राहायची, भाता ओढणारी कुठे बसायची, छप्पर तिथे किती उंच होतं, एवढं लिहून घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, एक सकाळ लागते. बांधायचं की नाही हे गाव नंतर ठरवील. मापं मात्र आत्ताच घ्या.